लॉर्ड रिपन आणि 1882 चा ठराव

पुढे लॉर्ड रिपन म्हणून ओळखले गेलेले जॉर्ज फ्रेडरिक सॅम्युअल रॉबिन्सन यांचा जन्म 24 ऑक्टोबर 1827 रोजी लंडनमध्ये 10, डाउनिंग स्ट्रीट येथे, म्हणजे खुद्द पंतप्रधानांच्या निवासस्थानी झाला, कारण त्यांचे वडील व्हायकाउंट गोडरिच त्या वेळी अल्पकाळ ब्रिटनचे पंतप्रधान होते. अशा उमराव घराण्यात वाढूनही तरुणपणी ते ख्रिस्ती समाजवाद्यांच्या, म्हणजे कामगारांच्या हलाखीचा विचार धर्मकर्तव्य म्हणून करणाऱ्या मंडळींच्या सहवासात आले आणि राज्यकारभारात सामान्य माणसाला वाटा मिळालाच पाहिजे, ही त्यांची निष्ठा तेथेच पक्की झाली.

1852 मध्ये हल येथून ते कॉमन्स सभागृहात निवडून आले, पण हस्तकांनी मतदारांना लाच दिल्याचे सिद्ध झाल्याने ती निवड रद्द झाली. 1859 मध्ये वडील आणि काका या दोघांच्याही पदव्या वारशाने मिळून ते लॉर्ड्स सभागृहात, म्हणजे उमरावांच्या वरिष्ठ सभागृहात गेले. पुढे युद्धमंत्री व काही महिने भारतमंत्री झाले आणि 1871 च्या अमेरिकेबरोबरच्या वॉशिंग्टन तहाच्या वाटाघाटींत ब्रिटिश शिष्टमंडळाचे प्रमुख होते. 1874 मध्ये त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला, तेव्हा राजकीय जीवन संपण्याचा धोका त्यांनी जाणूनबुजून पत्करला होता.

1880 मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी त्यांना भारताचे व्हाइसरॉय नेमले. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा, इंग्रजी पत्रांना मात्र वगळणारा, आधीचे व्हाइसरॉय लिटन यांचा 1878 चा कायदा त्यांनी 1882 च्या आरंभी रद्द केला. ‘केसरी’ हे मराठी पत्र त्या वेळी अवघे वर्षाचे होते. त्याच वर्षी नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली.

मात्र रिपन यांचे खरे मोठे काम म्हणजे 18 मे 1882 चा स्थानिक स्वराज्याचा ठराव. नगरपालिका आणि ग्रामीण मंडळांत बिनसरकारी सभासदांचे बहुमत असावे, जमेल तेथे ते निवडून यावेत आणि अध्यक्षही शक्यतो बिनसरकारी असावा, असे त्यात सुचवले होते. कारभार लगेच सुधारेल असा दावा रिपन यांनी केला नाही. लोकांना राजकीय शिक्षण मिळावे हाच त्यांचा मुख्य हेतू होता, आणि दिवाबत्ती-पाणीपुरवठ्याच्या कामांकडे या नजरेने पाहणारा राज्यकर्ता त्या काळी दुर्मीळच म्हणावा लागेल. प्रांतिक सरकारांनी मात्र ठरावाची धार बोथट केली आणि जिल्ह्याच्या मंडळांवर अध्यक्ष म्हणून बहुधा कलेक्टरच बसत राहिले.

1883 च्या इल्बर्ट विधेयकाने तर वादळ उठले. बिहारीलाल गुप्त यांच्यासारखा भारतीय न्यायाधिकारी कलकत्त्यात युरोपीय आरोपीचा खटला चालवू शके, पण बढती मिळून जिल्ह्यात गेला की तो अधिकार गमावून बसे. ही विसंगती दूर करण्याचा या विधेयकाचा प्रयत्न होता. गोऱ्या मळेवाल्यांनी व व्यापाऱ्यांनी इतका गहजब केला की अखेर निम्मे पंच युरोपीय वा अमेरिकन मागण्याची सवलत आरोपीला देऊन तडजोड करावी लागली. रिपन यांनी येथे माघार घेतली हे मान्यच करावे लागते. स्वतःच्या नोकरशाहीचा विरोध किती चिवट असेल, याचा अंदाज त्यांना आला नव्हता. तरीही 1884 च्या डिसेंबरात ते परत निघाले तेव्हा भारतीयांनी त्यांना अभूतपूर्व निरोप दिला, आणि संघटित ओरडीपुढे सरकार नमते हे पाहिलेल्या सुशिक्षितांनी पुढच्याच वर्षी मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरवले.