मोटारीची गादी : गरम आणि गार

उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत तुम्ही कधी बसला आहात? बसताच चटका बसतो. थोड्या वेळाने पाठ घामाने भिजते. सदरा गादीला चिकटतो. असे का होते? पाठ आणि गादी यांच्यामध्ये वारा शिरत नाही. म्हणून घाम वाळत नाही. घाम वाळला नाही, तर अंग निवत नाही.

थंड मुलुखात उलटी तऱ्हा. युरोपात स्वीडन नावाचा देश आहे. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. रात्रभर बाहेर राहिलेल्या मोटारीची गादी गारठून जाते. तिथल्या साब कंपनीने १९७१ साली विजेने गरम होणारी गादी मोटारीत बसवली. तिची युक्ती साधी आहे. गादीच्या आत बारीक तार असते. तारेतून वीज गेली की तार तापते. विजेची इस्त्री तापते, तशीच. पुरेशी ऊब आली की एक लहान पुर्जा वीज तोडतो. गादी निवली की वीज पुन्हा सुरू.

गार गादी निराळी. तीही साब कंपनीने १९९७ साली एका मोटारीत दिली. या गादीच्या कातड्याला बारीक भोके असतात. आत छोटे पंखे असतात. पंखे हवा खेळवतात आणि घाम वाळतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. आपला माठ पाहा ना! पाणी झिरपते, बाहेर वाळते आणि आतले पाणी गार होते. नियम एकच.

म्हणजे पंखा थंडी आणीत नाही, उष्णता बाहेर नेतो. मोटारीतली हवाच तापलेली असेल, तर पंखा काय करणार? म्हणून आधी दारे उघडावीत. तापलेली हवा जाऊ द्यावी.

आता आपल्या देशातही अनेक मोटारींत पंख्याची गादी येते. गरम गादीही काही मोटारींत असते. तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा.

मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने कोणाचे पाय बधिर होतात. पाठीच्या कण्याला मार लागला, तरी पाय बधिर होतात. चटका बसला की आपण चटकन सरकतो, कारण कातडी आपल्याला सांगते. बधिर कातडी सांगत नाही. आपल्या अंगाची ऊब सुमारे ३७ अंश असते. ४४ अंशांची ऊब फार वाटत नाही. पण तीच सहा तास एका जागी लागून राहिली, तर कातडी भाजते. ऊब जास्त असेल, तर वेळ कमी लागतो.

म्हणून अशा माणसाने गरम गादीचे बटण बंदच ठेवावे. गरम पाण्याच्या पिशवीने शेकतानाही हीच काळजी घ्यावी. पिशवी आधी घरातल्या दुसऱ्या कोणी हात लावून पाहावी. मगच ती द्यावी.