देवघरातला समुद्र

देवघरातला काळा, गुळगुळीत शाळिग्राम एकदा निरखून पाहा. त्यावर दिसणारं चक्र म्हणजे अॅमोनाइट या शंखधारी समुद्रजीवाचा ठसा. हा दगड मिळतो मात्र नेपाळमधल्या काळी गंडकीच्या पात्रात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. मग तो जीव तिथे पोचला कसा?

तो कुठेही गेला नाही. समुद्राचा तळच वर आला. भारतीय भूपट्ट आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी हा भूपट्ट आशियाला धडकला आणि त्या तळाचा गाळ घड्या पडत उचलला गेला. एव्हरेस्टचा ८,८४८.८६ मीटर उंचीवरचा माथासुद्धा समुद्रात साचलेल्या चुनखडीचा आहे! ही रेटारेटी थांबलेली नाही. २०१५चा नेपाळचा भूकंप तिच्यातूनच आला. आणि हिमालय झिजून गंगा-ब्रह्मपुत्रेने वाहून आणलेल्या गाळावर बांगलादेशाचा बहुतेक भाग उभा आहे.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते मालदीवशी असलेलं आपलं नातं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तस्थळातून सह्याद्रीचा बसाल्ट उसळला, त्याच्यावरून भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला. मागे ज्वालामुखींची रांग उरली, ती हळूहळू बुडाली आणि तिच्या माथ्यांवर प्रवाळांनी मालदीव रचले. रायगडाचा कातळ आणि मालदीवचा पाया एकाच चुलीवरचे. ती चूल आता रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजूनही लाव्हा ओकतो.