मधले किती घ्यायचे, बॉस?

सोमवार ते शुक्रवार पुण्यात कम्प्युटरसमोर आणि वीकेण्डला सुप्यात प्लॉट बघत. माझं गेलं वर्ष असंच गेलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावाला एमआयडीसीमुळे भाव आला आणि गावाकडचा प्रत्येक मित्र एजंट झाला. मग मीच का मागे राहू?

फंडा सोपा वाटला. एनए प्लॉट १२ लाखांना ठरवला, १ लाख विसार दिला, तीन महिन्यांची मुदत घेतली. पावतीत ‘मी किंवा मी सांगेन त्याच्या नावे खरेदीखत’ हे वाक्य टाकलं. आता पावती इन्व्हेस्टरकडे फिरवायची आणि मधला फरक खिशात!

फरक धरला ३ लाख. का? आकडा आवडला म्हणून! दोन महिने कुणी फिरकलं नाही. मुदत टळली की विसार बुडणार. झोप उडाली.

शेवटी एका इन्व्हेस्टरने उलटा हिशेब शिकवला. शेजारच्या प्लॉटचे इंडेक्स टू काढले. व्यवहार साडेचौदा लाखांच्या आसपास झालेले. त्यातून मालकाचे १२ लाख, मुद्रांक शुल्क-नोंदणी-वकिलाचे ९० हजार आणि त्याचा १ लाख नफा वजा. उरले ६० हजार. माझी फी तेवढीच!

आता खरं टेन्शन. मालकाला सांगायचं का? रोखीत गुपचूप उरकायचा मोह होताच. पण तात्या गावचे, रोजचं तोंड बघायचं. सांगून टाकलं. तात्या म्हणाले, “मला माझे बारा मिळाले. तुझी धावपळ तुझी. लपवलं असतंस तर मात्र पुन्हा दारात उभं केलं नसतं.” खरेदीखत झालं, विसाराचा लाख परत आला, फी चेकने घेतली. ती रिटर्नमध्येही दाखवणार.

तुम्हीही उतरणार असाल तर लक्षात ठेवा. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार नुसत्या कराराने मालकी मिळत नाही, म्हणून ‘माझा प्लॉट’ म्हणून विकू नका. विसार २० हजार किंवा जास्त असेल तर रोखीत नको. शेतजमीन असेल तर घेणारा सहसा शेतकरीच लागतो. महारेरा प्रकल्पातला प्लॉट दुसऱ्यासाठी विकायचा तर एजंट म्हणून नोंदणी हवी.

आणि फी? तात्यांसमोर मोठ्याने सांगता येईल, एवढीच!