पँटेरा : आरंभीची ध्वनिमुद्रणे
हेवी मेटल संगीताचा हा अमेरिकन वाद्यवृंद १९८१ मध्ये टेक्सास राज्यातील आर्लिंग्टन येथे स्थापन झाला. गिटारवादक डॅरेल ॲबट (१९६६–२००४) व ड्रमवादक विनी पॉल या बंधूंचे वडील जेरी ॲबट हे संगीतनिर्माते होते. त्यांच्या साहाय्याने मेटल मॅजिक (१९८३), प्रोजेक्ट्स इन द जंगल (१९८४) व आय ॲम द नाइट (१९८५) या ध्वनिमुद्रिका निघाल्या. टेरी ग्लेझ यांनी गायिलेल्या या गीतांत त्या काळी लोकप्रिय असलेल्या ग्लॅम मेटलची सुलभ चाल व समूहगायनाची ध्रुपदे आढळतात. फिल अँसेल्मो हे गायक आल्यानंतर पॉवर मेटल (१९८८) मध्ये आविष्कार अधिक कठोर झाला आणि काउबॉइज फ्रॉम हेल (१९९०) या ध्वनिमुद्रिकेने वाद्यवृंदास स्वतंत्र शैली व कीर्ती लाभली. पुढे वाद्यवृंदाने आपल्या कारकीर्दीचा आरंभ हिच्यापासूनच मानला.

पूर्वीच्या चार ध्वनिमुद्रिकांविषयी चाहत्यांत मतभेद आहेत. काहींना त्या केवळ अनुकरण वाटतात. इतरांच्या मते पहिल्या मुद्रणाच्या वेळी अवघ्या सोळा वर्षांच्या असलेल्या डॅरेल यांचे वादनकौशल्य त्यांत स्पष्ट दिसते. कलावंतांनी नाकारलेली ही निर्मिती त्यांच्या जडणघडणीचा पुरावा म्हणून मात्र महत्त्वाची ठरते.