हाड जुळले, जखम भरली, पुढे काय?

अपघातात सापडलेल्या मुलाचे प्लास्टर निघाले की घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसते, टाके निघालेले असतात, रुग्णालयाचे बिलही चुकते झालेले असते. दुखणे संपले, अशी सर्वांची समजूत होते. वस्तुतः त्या दिवशी उपचारांचा केवळ पूर्वार्ध संपलेला असतो. उत्तरार्ध हालचालीचा असतो आणि तो फिजिओथेरपीचा, म्हणजेच भौतिकोपचाराचा प्रांत आहे. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मुलांच्या संदर्भात या उत्तरार्धाचा विचार मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आघात आणि विश्रांती

आघातानंतर विश्रांती आवश्यक असते, परंतु तिचीही किंमत मोजावी लागते. न वापरलेला स्नायू थोड्याच दिवसांत रोडावू लागतो. सांध्याभोवतीचे वेष्टन आखडते. हाडावर भार पडला नाही की त्यातील कॅल्शियम कमी होऊ लागते. दीर्घकाळ उताणे पडून राहिल्यास फुप्फुसांच्या तळाशी कफ साचतो आणि टेकलेल्या भागांवर शय्याव्रण होतात. म्हणूनच अतिदक्षता विभागातील बेशुद्ध रुग्णाचेही सांधे हळुवारपणे हलविले जातात, त्याची कूस दर दोन तासांनी बदलली जाते, छातीचे व्यायाम दिले जातात. फिजिओथेरपी घरी गेल्यानंतर नव्हे, तर रुग्णशय्येवरच सुरू होते.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरत असताना, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचे मातीचे माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. जखमींना लातूर, सोलापूर येथील रुग्णालयांत हलविण्यात आले.

ढिगाऱ्याखाली चिरडलेले स्नायू, मोडलेली हाडे, कण्याच्या इजा अशा दुखापती शस्त्रक्रियेने संपत नाहीत. कण्याला इजा झालेल्या माणसाला बसणे, खुर्चीत सरकणे, स्वतःचे अंग स्वतः सांभाळणे नव्याने शिकावे लागते. शिवाय जे शरीराने बचावले, त्यांतील अनेकांना पुढे कितीतरी दिवस पक्क्या छपराखाली झोप येईना. आघात शरीरावर आणि मनावर एकाच वेळी होतो, हे किल्लारीने महाराष्ट्राला दाखवून दिले.

भाजलेले मूल

आपल्या भागात अशी आपत्ती क्वचित येते. घरातील आपत्ती मात्र नित्याची आहे. आंघोळीचे उकळते पाणी, चुलीवरचे आधण, अंगावर ओढून घेतलेले चहाचे पातेले यांनी भाजलेली मुले प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने पाहिली आहेत. अशा मुलाला ज्या स्थितीत आराम वाटतो, नेमकी तीच स्थिती पुढे घातक ठरते. मान भाजली की मूल हनुवटी छातीकडे झुकविते. काख भाजली की दंड अंगाशी घट्ट धरते. भरणारी जखम स्वभावतःच आकसते आणि अंग त्याच स्थितीत जखडले जाते. मग पाटीवर पाहण्यासाठी मान वर होत नाही, सदरा घालण्यासाठी हात उचलत नाही.

हे बऱ्याच अंशी टाळता येते. मान भाजली असेल तर उशी काढून खांद्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा. काख भाजली असेल तर हात अंगापासून दूर ठेवावा. बोटांना योग्य स्थितीत स्प्लिंट बांधावी. व्रण जखम भरल्यानंतरही वर्ष-दीड वर्ष आकसू शकतो. त्या काळात रोजचे ताणाचे व्यायाम, व्रणाचे हलके मर्दन व आवश्यकतेनुसार दाब देणारे कपडे वापरावे लागतात. वाढत्या वयात हाडे वाढतात, व्रण तितका वाढत नाही; म्हणून मुलांची तपासणी मोठ्यांपेक्षा अधिक काळ चालू ठेवावी लागते.

कोपर आणि तेलाचे मर्दन

झाडावरून किंवा कठड्यावरून पडलेल्या पाच ते सात वर्षांच्या मुलाचे कोपराच्या वरचे हाड मोडणे ही सर्वपरिचित इजा. प्लास्टर काढल्यावर कोपर ताठ असते आणि पालक घाबरून हाडवैद्याकडे धाव घेतात. तेथे जोराने चोळून, ओढून हात सरळ करण्याचा प्रयत्न होतो. त्याने सूज वाढते, आणि कधी कधी स्नायूंत नवे हाड तयार होऊन कोपर कायमचे अडते. बहुतेक मुलांचे कोपर स्वतःच्या हालचालीने काही महिन्यांत मोकळे होते. मुलाने स्वतः हात हलविणे हे औषध आहे. दुसऱ्याने बळेच ओढणे ही नवी इजा आहे. केव्हा व्यायाम द्यावा आणि केव्हा नुसती वाट पाहावी, हे ओळखणे हाही भौतिकोपचाराचाच भाग होय.

येथे एक इशारा महत्त्वाचा आहे. प्लास्टर किंवा घट्ट पट्टी बांधल्यावर वेदना वाढतच गेली, बोटे सरळ करताच मूल किंचाळले, बोटे थंड, फिकी किंवा बधिर झाली, तर सकाळची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्तपुरवठा खुंटून हाताचे स्नायू आकसतात, हे फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्ये वर्णिले. एकदा ते घडले की नंतरचा कोणताही व्यायाम हात पूर्ववत करू शकत नाही.

भीतीचे शरीर

लहान मूल ‘मला भीती वाटते’ असे सहसा म्हणत नाही. त्याचे पोट दुखते, डोके दुखते, झोपेत ते दचकते. अपघातानंतर खांदे वर चढलेले, श्वास उथळ, जबडा आवळलेला, बरा झालेला पायही टेकायला नकार, अशी मुले येतात. हे ढोंग नव्हे. इजा पुन्हा होईल या भीतीने शरीर सावध राहते आणि ताठरलेले स्नायू दुखू लागल्याने भीती अधिकच दृढ होते.

हे चक्र हालचालीच्या बाजूनेही तोडता येते. पोटाने सावकाश श्वास घेणे, स्नायू क्रमाने आवळून सैल सोडणे, चेंडू पकडणे, रेघेवरून चालणे यांतून मुलाचा आपल्या शरीरावरचा विश्वास परत येतो. मुलाची संमती घेऊन, वेदनेच्या अलीकडे थांबून आणि आईला जवळ बसवून हे व्हावे. तथापि महिनाभरानंतरही दचकणे, टाळणे, झोपमोड कायम असेल तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. व्यायाम त्या उपचारांची जागा घेऊ शकत नाही.

आपले कर्तव्य

भारतात या शाखेचे शिक्षण १९५० च्या दशकाच्या आरंभी, पोलिओच्या साथींच्या पार्श्वभूमीवर, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. पोलिओ गेला, २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. परंतु रस्त्यांवरील वाहने वाढली आणि या शाखेची गरज वाढतच राहिली. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने भौतिकोपचाराला आरोग्यसेवा व्यवसायांत रीतसर स्थान दिले. बेळगावात या विषयाचे शिक्षण व उपचार दोन्ही उपलब्ध आहेत. निपाणी, संकेश्वर, खानापूर परिसरातील पालकांना मात्र दररोज येथवर येणे परवडत नाही. म्हणून पहिल्या भेटींतच आईवडिलांना व्यायाम प्रत्यक्ष करावयास लावून शिकवावेत, ते कागदावर चित्रासह लिहून द्यावेत आणि ठरावीक अंतराने तपासावेत.

वैद्यकीय मित्रांना विनंती, की रुग्णालयातून घरी पाठविताना औषधांच्या चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहावी : कोणता सांधा, कोणती हालचाल, दिवसातून किती वेळा, आणि काय करू नये. पालकांना विनंती, की ती ओळ औषधाइतकीच निष्ठेने पाळावी. मूल पुन्हा स्वतःच्या हाताने जेवू लागले, शाळेच्या पायऱ्या चढू लागले, खेळात सामील झाले, म्हणजेच ते बरे झाले असे समजावे.