वेग आणि विवेक

फ्रान्स देशात पॅरिसच्या नैर्ऋत्येस सुमारे २०० किलोमीटरांवर ल माँ नावाचे शहर आहे. एरवी त्याचे नाव नागपुरात कोणी घ्यावे असे काही कारण नाही. परंतु तेथे दरवर्षी, बहुधा जून महिन्यात, मोटारींची जी जगप्रसिद्ध शर्यत होते तिच्या इतिहासाचा विचार आज येथे करण्याचे आम्ही योजिले आहे. वेगाविषयीचा जो धडा त्या शहराने शंभर वर्षांत, पुष्कळ रक्त सांडल्यावर, गिरविला, तो नागपूरकरांस आता आपल्याच उंबरठ्यावर गिरवावयाचा आहे. ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग आपल्या दारातून निघतो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंतचा संपूर्ण मार्ग वाहता झाला. अशा रस्त्यावर सुखरूप कसे जावे हे शिकण्यासाठी शर्यतीकडे पाहावे, हे आमचे म्हणणे ऐकून वाचकांस नवल वाटेल. म्हणून थोडे मागे जाऊन सांगितले पाहिजे.

शर्यत म्हणजे जो आधी पोचला तो जिंकला, अशी आपली सर्वसाधारण समजूत. ल माँ येथील शर्यतीचे गणित निराळे आहे. तेथे पोचावयाचे कोठेच नसते. चोवीस तासांत जो अधिक अंतर कापील तो विजयी. पहिली शर्यत २६ व २७ मे १९२३ रोजी झाली. मार्ग होता गावाबाहेरचे नित्याचे सार्वजनिक रस्ते. ३३ गाड्या निघाल्या. पाऊस, गारा आणि रात्र यांतून ३० गाड्या शेवटपर्यंत टिकल्या. लागाश आणि लेओनार या दोघा चालकांनी शेनार-वाल्कर गाडीतून २,२०० किलोमीटरांहून अधिक मजल मारून पहिला क्रमांक मिळविला. आयोजकांचा हेतू केवळ करमणुकीचा नव्हता. मोटारीचे दिवे रात्रभर टिकतात काय, ब्रेक ऐनवेळी दगा देतात काय, सामान्य गिऱ्हाइकाने विकत घ्यावी अशी गाडी अहोरात्र चालते काय, याची ती चारचौघांसमोर घेतलेली परीक्षा होती. आरंभीच्या काळात बिघाड झाल्यास चालकाने गाडीतल्याच हत्यारांनी तो दुरुस्त करावा असा दंडक असे. अर्थात त्या शर्यतीचे खरे नाव सहनशक्तीची कसोटी असेच आहे.

१९३६ चे संपाचे वर्ष आणि १९४० ते १९४८ हा महायुद्धाचा व त्यानंतरच्या पडझडीचा काळ वगळता ही शर्यत अव्याहत चालत आली आहे. तिच्या इतिहासात पराक्रमाच्या कथा विपुल आहेत; पण आम्हांस त्यांतील एक विशेष बोधप्रद वाटते. १९५२ साली पिएर लेवे नावाचा फ्रेंच चालक ताल्बो गाडीत बसला तो उठलाच नाही. जोडीदाराच्या हाती चक्र न देता त्याने जवळजवळ २३ तास एकट्याने गाडी हाकली. तो सर्वांच्या पुढे होता. विजयाला तासाभराचाच अवकाश असताना त्याच्या गाडीचे यंत्र निकामी झाले आणि मान मर्सिडीजच्या पदरात पडला. दमलेल्या हाताने गिअर चुकला, असे सांगितले जाते. लोकांनी त्याच्या जिद्दीचे पोवाडे गाइले. परंतु दमलेला मनुष्य स्वतःचा थकवा ओळखू शकत नाही, हे सत्य त्या दिवशी हजारोंच्या डोळ्यांदेखत सिद्ध झाले होते, तिकडे कोणी लक्ष दिले नाही.

पुढच्याच वर्षी, १९५३ साली, जग्वार गाड्यांनी चकतीचे ब्रेक लावून शर्यत जिंकली आणि सरासरी वेग प्रथमच तासाला १०० मैलांच्या वर नेला. जो खात्रीने थांबू शकतो तोच निर्धास्तपणे वेगाने जाऊ शकतो, हे यंत्रशास्त्राचे तत्त्व आज आपल्या घरच्या मोटारीतही उतरले आहे. मात्र गाड्या बदलल्या, तरी मार्ग जुनाच राहिला होता. त्याची किंमत ११ जून १९५५ रोजी द्यावी लागली. एक गाडी इंधनासाठी थांबण्याकरिता एकाएकी मंदावली, मागची गाडी तिला चुकविण्यासाठी बाजूस झाली आणि तिच्यावर तिसरी येऊन आदळली. ती तिसरी गाडी मर्सिडीजची होती आणि तिच्यात तोच पिएर लेवे होता. गाडी उसळून प्रेक्षकांत शिरली. लेवेसह ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मोटारशर्यतीच्या इतिहासातील ही सर्वांत भीषण दुर्घटना होय. मर्सिडीजने रात्रीच आपल्या उरलेल्या गाड्या मागे घेतल्या. स्वित्झर्लंडने आपल्या भूमीवर अशा शर्यतींना बंदी केली, ती २०२२ साली पूर्णपणे उठली.

यानंतर जे घडले ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. चौकशीत कोणा एका चालकावर ठपका ठेवला गेला नाही. तीस वर्षांपूर्वीच्या मंद गाड्यांसाठी आखलेला मार्ग नव्या वेगाला अपुरा पडला, असा निष्कर्ष निघाला. मृत चालकाच्या माथी दोष मारून मोकळे होणे सोपे होते. तो मोह टाळला गेला. वर्षभरात थांब्यांसमोरील रस्ता रुंद झाला, प्रेक्षकांच्या बैठकी मागे सरकल्या. तेव्हापासून त्या शर्यतीचा इतिहास हा स्वतःला लगाम घालीत जाण्याचा इतिहास आहे. शर्यतीच्या प्रारंभी चालकांनी धावत रस्ता ओलांडावा, गाडीत उडी घ्यावी आणि निघावे अशी तेथील जुनी प्रथा होती. या घाईत सुरक्षापट्टा बांधण्यास उसंत मिळत नसे. १९६९ साली जॅकी इक्स हा तरुण बेल्जियन चालक सर्वजण धावत असता शांतपणे चालत गेला, पट्टा बांधून बसला आणि सर्वांच्या मागून निघाला. त्याच शर्यतीच्या पहिल्या फेरीत एक चालक गाडीबाहेर फेकला जाऊन मरण पावला. चोवीस तासांनंतर सुमारे सव्वाशे मीटरांच्या फरकाने विजयी कोण झाला? जो चालत गेला होता तो! दुसऱ्या वर्षी ती धावण्याची प्रथा बंद झाली.

१९८८ साली तेथील सरळ रस्त्यावर एका गाडीने तासाला ४०५ किलोमीटरांचा वेग गाठला, तेव्हा आयोजकांनी या विक्रमाची कमान उभारली नाही. १९९० साली त्या रस्त्यावर दोन वळणे घातली. आज एका गाडीस तीन चालक असतात. कोणाही चालकास सहा तासांच्या अवधीत चार तासांहून अधिक आणि एकंदर चौदा तासांहून अधिक काळ गाडी हाकता येत नाही. लेवेची ती २३ तासांची जिद्द आज नियमबाह्य ठरली असती. शिस्तीने वेगाची हानी झाली असेही नाही. जपानी मझदाचे १९९१ चे यश, डिझेलवरील ऑडीची २००६ ची आणि विजेची जोड दिलेल्या ऑडीची २०१२ ची सरशी, आणि २०२३ च्या शतसांवत्सरिक वर्षी पन्नास वर्षांनी परतलेल्या फेरारीचा विजय, हे सारे या बंधनांच्या आतच घडले.

आपल्याकडे या खेळाचे बस्तान बसू शकले नाही. मुंबईस जुहूच्या, कलकत्त्याजवळ बराकपूरच्या आणि मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्ट्यांवर स्वातंत्र्योत्तर काळात शर्यती झाल्या. दिल्लीनजीक कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेल्या मार्गावर २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत भरली आणि करांच्या वादांत ती आटोपली. मात्र करुण चंदोक या भारतीय चालकाने २०१२ साली ल माँ येथे भाग घेऊन आपल्या सहकाऱ्यांसह सहावा क्रमांक मिळविला, हे नमूद केले पाहिजे.

तथापि शर्यत म्हणजे काय हे वैदर्भीय माणसास परक्याने शिकवावयास नको. आपल्या शंकरपटात बैलजोडी घड्याळाशीच झुंजते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी अशा शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा गावोगावी हळहळ झाली. पुढे राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, प्राण्यास इजा होऊ नये म्हणून अटी घातल्या, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती मान्य केली. पट परत आला तो नियमांचे बोट धरून. येथील पट काय आणि तेथील मोटारशर्यत काय, वेगाला समाजात प्रतिष्ठेने राहावयाचे असेल तर त्याने मर्यादा पत्करली पाहिजे.

आता आपल्या महामार्गाकडे वळू. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्यास निघालेली खासगी बस बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून गेले. त्या रात्री आपल्या शहरातून निरोप घेऊन निघालेली माणसे परतली नाहीत, याचे स्मरण अद्याप ताजे आहे. हा मार्ग ताशी १५० किलोमीटरांच्या वेगाचा हिशेब धरून बांधलेला आहे. मोटारींना १२० ची मर्यादा आहे. वळण नाही, चढ नाही, समोरून कोणी येत नाही. अशा सरळसोट रस्त्यावर डोळे उघडे असतात आणि मन झोपी जाते. तासन् तास एकाच आवाजात फिरणारी चाके टायर तापवितात, आणि झिजलेला टायर पूर्वसूचना देत नाही.

शर्यतीत प्रत्येक थांब्यावर चाके पाहिली जातात, चालक बदलला जातो आणि घड्याळ पाहणारा मनुष्य गाडीबाहेर उभा असतो. आपल्या रात्रीच्या बसगाड्यांस असा कोण आहे? चालकाच्या कामाचे तास मोजावेत ही कल्पना आपल्या देशास नवी नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने सामान्यतः दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. तत्त्व सहा दशकांपूर्वीच कागदावर आले. पथकर नाक्यावर ते कोणी विचारीत नाही. पथकर घेण्यासाठी गाडी कोठे शिरली व कोठे निघाली याची नोंद यंत्र करतेच. त्याच यंत्राने चालक किती तास चक्रामागे बसला आहे हे का नोंदवू नये? रात्रीच्या लांब पल्ल्याच्या प्रत्येक बसमध्ये दुसरा, विश्रांती घेतलेला चालक असल्यावाचून तिला नाक्यातून पुढे जाऊ देऊ नये. टायरांची तपासणी मोहिमेपुरती न होता नित्याची व्हावी. आणि प्रत्येक मोठ्या अपघातानंतर चालकाची चूक या दोन शब्दांवर चौकशी न थांबता रस्ता, थांबे आणि वेळापत्रक यांचाही जाब विचारला जावा, अशी आमची मागणी आहे.

सरकारकडे बोट दाखवून आम्ही वाचकांसही मोकळे सोडणार नाही. रात्री दहास निघून पहाटेच मुंबई गाठलीच पाहिजे, असा हट्ट चालकापाशी कोण धरतो? आठ तासांत पोचलो, याची फुशारकी दिवाणखान्यात कोण मारतो? आपणच. ल माँ येथील प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर एक तरुण शांतपणे चालत आपल्या गाडीकडे गेला, तेव्हा त्याला भित्रा म्हणणारेही असतील. दुसऱ्या दिवशी विजय त्याचा होता, हे पुढच्या प्रवासास निघताना आपण ध्यानी ठेवावे. पट्टा बांधण्यास लागणारा क्षण आणि झोप आल्यावर रस्त्याकडेला घेतलेली अर्ध्या तासाची विश्रांती यांनी कोणाचेही मुक्कामाचे गाव आजवर दूर गेलेले नाही.