मंचर-नारायणगावात घर घेताय? आधी सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना वाचा, मग करारनामा

पुणे-नाशिक महामार्गाने मंचर, नारायणगाव, आळेफाटा असे पुढे गेले की फ्लॅट, रो-हाऊस आणि एनए प्लॉटचे फलक दिसत राहतात. घेणाऱ्यांमध्ये मुंबई-पुण्यात नोकरी करणारे आणि गावाकडे स्वतःचे घर हवे असलेले अनेक जण असतात. व्यवहार ओळखीतून ठरतो, इसार दिला जातो आणि करारनाम्याची पीडीएफ व्हॉट्सॲपवर नंतर येते. ती वकिलाकडे पोहोचते तोवर पैसे गेलेले असतात. हा क्रम उलटा करायला हवा, आणि जुन्नर-आंबेगावात तर तो जास्तच महत्त्वाचा आहे. कारण इथला मोठा धोका करारातल्या कलमांत कमी आणि खालच्या जमिनीत जास्त असतो.

रजिस्ट्री झाली, म्हणजे मालकी पक्की?

नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्ताची नोंद होते, विकणाऱ्याच्या मालकीचा निवाडा होत नाही. तमिळनाडूतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०२५ रोजी हेच स्पष्ट केले. विकणाऱ्याला मालकी हक्क आहे का, हे तपासणे नोंदणी अधिकाऱ्याचे काम नाही. म्हणजे ते काम घेणाऱ्याचे. त्यासाठी ३० वर्षांचा शोध अहवाल, म्हणजेच सर्च रिपोर्ट, घेतात. बिल्डरच्या वकिलाने दिलेला अहवाल असतोच, पण तो बिल्डरने नेमलेल्या वकिलाचा असतो. आपला वकील वेगळा असावा.

सातबाऱ्यावरचे शेरे

करारनाम्याच्या शेवटी परिशिष्टात जमिनीचा गट क्रमांक असतो. तो घ्या आणि महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा काढा. वर भोगवटादार वर्ग १ आहे की २, ते पाहा. मग ‘इतर हक्क’ रकाना. लोक नेमका हाच रकाना वाचत नाहीत.

या दोन तालुक्यांत कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे आहेत. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले, ते गावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. धरणग्रस्तांना पुनर्वसनात दिलेली जमीन सहसा वर्ग २ ची असते आणि ती परवानगीशिवाय विकता येत नाही. लाभक्षेत्रातल्या जमिनींवर ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा दिसू शकतो. तो असेल तर तो कमी केल्याचा आदेश आणि त्याचा फेरफार मागा. ‘ते जुनं आहे, आता काही नाही’ हे तोंडी उत्तर पुरेसे नाही.

पश्चिमेकडे, डोंगराच्या बाजूला, आदिवासींच्या जमिनी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ नुसार अशी जमीन बिगरआदिवासीला देण्यासाठी शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. विक्रीच नव्हे, बक्षीस, गहाण आणि भाडेपट्टाही त्यात येतो. ‘आत्ता कुलमुखत्यारपत्र करू, नावावर नंतर होईल’ असा पर्याय कोणी सुचवला, तर तो थेट नाकारा. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्येच सांगितले आहे.

कूळ कायद्याच्या कलम ४३ चा शेराही तपासा. आणि बहिणी! वडिलोपार्जित जमीन भावांनी विकसनाला दिली, पण बहिणींचे हक्कसोडपत्र किंवा संमती नाही, असे असेल तर बांधकाम उभे राहिल्यावरही दावा येऊ शकतो. मुलींना जन्मतःच समान हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. करारात ‘संमती देणार’ म्हणून कोणाकोणाच्या सह्या आहेत, हे फेरफारातल्या वारसांच्या नावांशी जुळवून पाहावे.

दोन गुंठ्यांचा ‘फार्महाऊस प्लॉट’

धरणांच्या आणि माळशेजच्या बाजूला अशा जाहिराती सापडतात. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार पुणे जिल्ह्यात बागायतीचे प्रमाणभूत क्षेत्र १० गुंठे, तर जिरायतीचे २० गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा स्वतंत्रपणे विकता येत नाही, म्हणून काही ठिकाणी दहा जणांच्या नावे सामाईक खरेदीखत होते. अशा सातबाऱ्यावर आपले नाव येते, पण आपला प्लॉट कुठला हे कागदावर कुठेच नसते. त्यावर गृहकर्ज आणि बांधकाम परवानगी मिळणे अवघड. नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने नगरपालिका-नगरपंचायत हद्दीतील आणि प्रादेशिक आराखड्यात बिनशेती वापरासाठी दाखवलेल्या जमिनींवरचे जुने तुकडे नियमित करण्याची वाट मोकळी केली. आराखड्यात शेती म्हणूनच दाखवलेल्या जमिनीला तिचा उपयोग नाही. शिवाय शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो.

आता करारनामा

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील, तर प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी बंधनकारक आहे. प्लॉटिंगलाही हे लागू आहे. अशा प्रकल्पात नोंदणीकृत कराराशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ३० लाखांचा फ्लॅट असेल तर तीन लाख, बस्स. तालुक्याच्या गावांतल्या छोट्या इमारती या नोंदणीतून सुटू शकतात. तिथे १९६३ च्या मोफा कायद्याचा आधार असतो आणि त्यात करारापूर्वीची मर्यादा २० टक्के आहे.

महारेराचा आदर्श करारनामा संकेतस्थळावर आहे. बिल्डरचा मसुदा त्याच्या शेजारी ठेवून वाचणे, हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्यातली कार्पेट क्षेत्र, दोष दायित्व, अभिहस्तांतरण आणि नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणांची कलमे बिल्डरला बदलता येत नाहीत. पैशांचे टप्पेही दिलेले आहेत: जोत्यापर्यंत ४५ टक्के, सर्व स्लॅब होईपर्यंत ७० टक्के. जोत्यालाच ७० टक्के मागणारा मसुदा दिसला, तर बाकीचा करारही बारकाईने वाचावा लागेल.

सगळ्यात मोठी गोम असते उशिराच्या भरपाईत. समजा करारात लिहिले आहे, ‘ताबा लांबल्यास दरमहा प्रति चौरस फूट पाच रुपये’. ६०० चौरस फुटांच्या घराला वर्षाला ३६ हजार होतात. रेरानुसार मात्र व्याजाचा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर अधिक दोन टक्के असतो. तो ढोबळमानाने १० टक्के धरला आणि तुम्ही २० लाख भरले असतील, तर वर्षाचे दोन लाख होतात. हप्ता चुकल्यावर तुमच्याकडून घ्यायचा दरही तोच असायला हवा. गुरुग्राममधल्या पायोनियर प्रकरणात बिल्डर ग्राहकाकडून १८ टक्के घेणार होता आणि स्वतः देणार होता नऊ. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा एकतर्फी करार ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली आणि सही केलेली असली तरी ग्राहक त्याला बांधील नाही, असे सांगितले. पण त्यासाठी ग्राहकाला दिल्लीपर्यंत लढावे लागले.

ताब्याची तारीख दिवस-महिना-वर्षासह आहे का, पार्किंगचा क्रमांक आणि मापे दिली आहेत का, हेही पाहा. बदल हवा असेल तर तो मसुद्यातच करून घ्या. ‘साइटवर बोलणं झालंय’ याला अर्थ नाही.

सही झाल्यावर नोंदणीसाठी चार महिने मिळतात. मुद्रांक शुल्क सहीच्या वेळी किंवा त्याआधी भरावे लागते. घर फक्त महिलेच्या नावे घेतल्यास त्यात एक टक्का सवलत आहे. ही सवलत घ्यायची तर नाव करारनाम्यातच तसे असायला हवे.